कोरियात पारंपरिक जेवण: सासूबाई शाकाहारी, त्यातून चातुर्मास

ओवी_पुणे

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही चौघं कोरियाला निघालोय. मी, नवरा, आठवीतली लेक आणि सासूबाई. सोल, मग जॉन्जू, आणि जमलं तर पानांचे रंग बघायला एखादा डोंगर. व्हिसा, तिकिटं, हॉटेलं सगळं झालं. घोडं अडलंय ते जेवणापाशी.

लेकीला बुटक्या टेबलाशी मांडी घालून, समोर वाट्याच वाट्या मांडलेलं 'खरं' कोरियन जेवण हवंय. मालिका बघून बघून तिची यादी तयार आहे. नवरा सर्वभक्षी. मी अंडी-मासे खाते, पण बीफ आणि पोर्क नको. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंही नाही, आणि चातुर्मासात कांदा-लसूण बंद. बरं, त्या अजिबात कटकट करणाऱ्या नाहीत. उलट "माझं काय गं, मी दहीभातावर राहीन" म्हणतात. आता जॉन्जूत दहीभात कुठून आणू?

मेतकूट, भाजणी, दशम्या बरोबर असणारच. पण रोज हॉटेलच्या खोलीत मेतकूट-भात कालवायला एवढे पैसे घालून जायचं नाहीये. ट्रॅव्हल कंपनीवाला म्हणतो, रोज इंडियन रेस्टॉरंट टाकून देतो. तेही नको.

अशा जुन्या पद्धतीच्या ठिकाणी आत शिरल्यापासून नेमकं काय काय होतं, काय मागवायचं, सासूबाईंना काय चालेल? आणि त्यांचे गुडघे दुखतात, जमिनीवर बसणं कठीण आहे. स्वतः जाऊन जेवलेल्यांनी लिहा प्लीज. यूट्यूबवरच्या 'टॉप टेन' याद्या पाहून झाल्यात.

---

भाऊ_चांगवॉन

ओवीताई, रोजच्या इंडियन रेस्टॉरंटला नाही म्हणालात, पहिली शाबासकी त्याबद्दल.

मी मूळचा बार्शीचा. कामासाठी चांगवॉनला बरीच वर्षं काढली. मला काहीही चालतं, पण आई माळकरी. ती येऊन राहिली तेव्हा तिला घेऊन पुष्कळ हिंडलो. म्हणजे हे सगळं माळकरी बाईला शेजारी बसवून शिकलेलं आहे असं समजा.

सगळ्यात आधी पाण्याचं सांगतो. कोरियन जेवणात ताटावर दिसतं ते मांस बाजूला करता येतं, पण खरी गोम पाण्यात असते. सुकवलेल्या छोट्या मासोळ्या आणि समुद्री शेवाळ उकळून जे पाणी करतात, त्यावर त्यांचा निम्मा स्वयंपाक उभा आहे. द्वेनजांग जिगे, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या पिठल्यासारख्या लगद्याची आमटी, नावाने शाकाहारी वाटते. पाणी मासोळीचंच. सुरीने कापलेल्या नूडल्स, मोडाच्या सोयाबीनचा रस्सा-भात, रस्त्यावरची त्तॉकबोक्की, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या कांड्या तिखट रश्शात, सगळीकडे तेच. किमचीत मिठातली कोळंबी नाहीतर माशाचा अर्क असतो. थंड नूडल्सचं पाणी बहुतेक ठिकाणी बीफचं.

आणि जॉन्जूला जाताय म्हणून मुद्दाम सांगतो. जॉन्जूचा बिबिम्बाप, म्हणजे वर भाज्या मांडून कालवून खायचा भात, फोटोत किती सोवळा दिसतो! मोड, पालक, गाजर, मशरूम, मुगाच्या सत्त्वाची पिवळी जेली, सगळं कसं गोलाकार मांडलेलं. पण जुन्या पद्धतीत त्याचा भात गाईच्या हाडांच्या पाण्यात शिजवतात. वर कच्च्या बीफचा गोळा असतो आणि लाल गोचुजांगमध्ये, म्हणजे आंबवलेल्या मिरचीच्या चटणीत, बऱ्याचदा बीफचा खिमा परतलेला असतो. तुम्ही म्हणालात "वरचं मांस काढा", तर ते हसत हसत काढतील. भात तोच राहणार.

म्हणून माझं म्हणणं असं की "यातलं हे काढा, त्यातलं ते काढा" या वाटेला जाऊच नका. वाढणाऱ्या बाईला कळत नाही काय काढायचं, तुम्हाला कळत नाही काय राहिलंय, आणि दोघंही अवघडून बसता. मुळात ज्यात नाहीच, तेच मागवायचं.

असं काय मिळतं? डोंगरातल्या मठांच्या पायथ्याशी सानचे बिबिम्बाप आणि सानचे जॉन्गशिक, म्हणजे रानभाज्यांचं जेवण. आईला मी हेइनसा मठात नेलं होतं. तिथे ऐंशी हजारांहून जास्त लाकडी ठोकळ्यांवर कोरलेलं त्रिपिटक ठेवलंय, ते बघायला लोक जातात आणि खाली उतरल्यावर रांगेने असलेल्या खाणावळींत जेवतात. नेच्याचे कोंब, डोराजीची मुळं, डोंगरातला पाला, काय काय वाळवून ठेवलेलं असतं. प्रत्येक भाजी वेगळी उकडून तिळाच्या तेलात कालवलेली. अंडं नको हे आधी सांगायचं, ते सहज ऐकतात कारण अंडं शेवटी वर ठेवायचं असतं. गोचुजांग वेगळं मागायचं. शेजारची आमटी सासूबाईंनी सोडून द्यायची. पण ताई, त्या भाज्यांत लसूण असतोच, हे लपवत नाही. चातुर्मासाचा नियम तिथे पाळला जाणार नाही.

लाल भोपळ्याची पेज आणि लाल चवळीसारख्या दाण्यांची पेज, होबाकजुक आणि पातजुक, हे पेजेच्या दुकानांत वर्षभर मिळतं आणि कांदा-लसणाचा संबंध नसतो. सकाळच्याला उत्तम. थंड सोयाबीनच्या दुधातल्या नूडल्स, खोंगगुक्सू, हा खरा सासूबाईंचा पदार्थ होता, पण तो उन्हाळ्याचा. तुम्ही जाईपर्यंत बहुतेकांनी पाटी उतरवलेली असेल. पूर्व किनाऱ्याला गांगनुंगकडे जाणार असाल तर तिथल्या चोदांग भागात समुद्राच्या पाण्याने फाडलेला पांढरा मऊ टोफू मिळतो. पांढराच मागवा, लाल नको. लाल म्हटलं की त्यात शिंपल्या आल्या.

आता आत शिरल्यावरचं. पादत्राणं काढायची असतील तर दाराशी उंबऱ्यासारखी पायरी आणि कपाट दिसेल. बसल्यावर टेबलाच्या कडेला हात लावून बघा, छोटा ड्रॉवर असतो, चमचे-काड्या त्यात. नवी माणसं चमच्याची वाट बघत बसून राहतात. पाणी अनेक ठिकाणी स्वतःच आणायचं. टेबलावर बेल असेल तर दाबा, नसेल तर "योगियो" अशी खणखणीत हाक मारा. आपल्याकडे वेटरला हाक मारताना ओशाळतो तसं तिथे काही नाही. उलट हात वर करून गप्प बसलात तर तसेच बसाल.

वाट्यांतले बानचान, म्हणजे तोंडीलावणी, फुकट, आणि संपले की पुन्हा मिळतात. रिकामी वाटी दाखवली की झालं. काही ठिकाणी कोपऱ्यात ते मांडलेलेच असतात, आपण उठून घ्यायचे. हवं तेवढंच घ्या, टाकलेलं त्यांना आवडत नाही. भाताची वाटी डावीकडे, सूप उजवीकडे, आणि वाटी उचलून तोंडाला लावायची नाही. भात चमच्याने खातात, त्यामुळे सासूबाईंना काड्यांची चिंता नको. फक्त भातात चमचा उभा खोचून ठेवू नका, ते पितरांच्या विधीत करतात. आणि घरातल्या मोठ्या माणसाने चमचा उचलल्यावर बाकीच्यांनी सुरुवात करायची. सासूबाई खूष!

लेकीला दाखवायचीच एक गोष्ट म्हणजे दगडी भांड्यातला भात, दोलसोतबाप. प्रत्येकाचा भात वेगळ्या जाड काळ्या भांड्यात शिजून येतो, वर लाकडी झाकण. आला की लगेच भात रिकाम्या वाटीत काढून घ्यायचा, पण तळाचा चिकटलेला थर खरवडायचा नाही. त्यावर किटलीतलं गरम पाणी ओतायचं, चर्र आवाज येतो, आणि झाकण ठेवून भांडं बाजूला सारायचं. तुमचं जेवण होईस्तोवर खरवड सुटते, मऊ होते, पाण्याला भाजक्या तांदळाचा वास लागतो. मीठ नाही, तेल नाही. ते शेवटी चमच्याने प्यायचं. आई अर्धं जेवण सोडून त्या भांड्याचं झाकण उघडून बघत होती, झालं का म्हणून.

बिल उठताना दाराजवळच्या काउंटरवर. टीप नाही. ठेवलीत तर पैसे विसरलात म्हणून मागे धावत येतील.

---

सम्यका_इचल

भाऊंनी छान लिहिलंय, पण मुख्य गोष्ट राहिली. ओवीताई, तुमच्या सासूबाईंसाठीच जणू कोरियात एक वेगळं स्वयंपाकघर आहे. मठांचं जेवण, साचाल उमशिक.

मी इचलकरंजीची, जैन, सोलमध्ये शिकतेय. बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांस-मासे तर नाहीतच, पण पाच उग्र पदार्थही वर्ज्य असतात. लसूण, पातीचा कांदा, बुचू म्हणजे लसणीच्या पातीसारखी भाजी, रानातला बारीक कांदा, आणि पाचवं काय माहितेय? हिंग! हिंग कोरियात पिकतही नाही आणि कुणी वापरतही नाही, पण यादीत आहे. मठवाले आपला गोल कांदाही घालत नाहीत. आपल्याकडे कांदा बंद झाला की हिंगाचा डबा बाहेर निघतो, हे मी इथल्या एका भिक्षुणींना सांगितलं तर त्या बराच वेळ हसत होत्या.

रश्शासाठी मासोळीऐवजी समुद्री शेवाळ आणि वाळवलेले मशरूम उकळतात. किमचीसुद्धा वेगळी, माशाच्या अर्काशिवाय आणि लसणाशिवाय. पहिल्या घासाला फिकी वाटते. दुसऱ्या-तिसऱ्याला मुळ्याची आणि सांडग्या मिरचीसारखी नव्हे, साध्या लाल मिरचीची स्वतःची चव कळायला लागते.

सोलमध्ये जोग्येसा मठासमोर टेंपलस्टेच्या, म्हणजे मठात मुक्कामाच्या योजनेच्या, इमारतीत पाचव्या मजल्यावर बालवू गोंगयांग हे रेस्टॉरंट आहे. मठसंस्थेचंच आहे. २०१७च्या पहिल्यावहिल्या सोल मिशलिन यादीत त्याला एक तारा मिळाला होता. ठरलेले सेट असतात, एकेक करून पदार्थ येतात. आधी आरक्षण करा, आणि करतानाच अंडी-दूध-कांदा-लसूण सगळं लिहून टाका. तिथे पोचल्यावर सांगू नका. स्वस्त नाही. पण चौघांनी एकदा तरी जा, आणि सासूबाईंनी तिथे प्रश्न न विचारता समोर येईल ते खावं. हे सुख मला इथे दुसरीकडे क्वचित मिळालंय.

माझ्यासारख्या कडक जैनांसाठी मात्र सावधान. मठाच्या जेवणात बटाटा, मुळा, गाजर, कमळाचा कंद मुबलक असतो. कंदमुळांचा नियम त्यांचा नाही. तुमच्या सासूबाईंना तो प्रश्न नाही असं वाटतंय. वांगं मात्र असू शकतं, चातुर्मासात वांगं सोडत असतील तर तेही लिहा.

आणि एखादी रात्र मठात राहण्याचा विचार करा. टेंपलस्टेमध्ये साधं जेवण असतं, पंक्तीत उभं राहून आपणच वाढून घ्यायचं, आणि आपलं भांडं आपण घासायचं. ताटात एक शीतही टाकायचं नाही. पहाटे उठवतात, हे लेकीला आधी सांगून ठेवा.

---

रश्श्यातला_मासा

एवढं लांब जाऊन सगळे पाला खायला लावताय त्या बिचाऱ्या नवऱ्याला. भावा, तुझ्यासाठी लिहितो.

भाजायचं मांस आणि मोठ्या पातेल्यातले रस्से बहुतेक ठिकाणी किमान दोन माणसांचे मागवावे लागतात. मेनूवर "२ माणसांपासून" असं लिहिलेलं असतं. बाकी तिघी खाणार नसतील तर एकट्यासाठी तो घाट घालू नकोस, ते बसूच देणार नाहीत. तुझ्यासाठी गुकबाप. रस्सा-भात, एकट्याचा, पटकन. बुसानला गेलास तर डुकराच्या रश्शाचा, सोलमध्ये बैलाच्या हाडांचा सॉल्लॉन्गतांग. तो पांढरा रस्सा अळणीच येतो. मीठ, मिरपूड, पात टेबलावर असते, आपणच घालायची. आमचा एक मित्र अळणी म्हणून नावं ठेवत अर्धा वाडगा प्याला, तोपर्यंत कुणी सांगितलंच नाही.

मांस लेट्युसच्या पानात गुंडाळून हातानेच खायचं आणि अख्खं तोंडात टाकायचं. दोन घासांत नाही. सोजू, म्हणजे तिथली दारू, प्यायलास तर स्वतःचा पेला स्वतः भरू नकोस, मोठ्या माणसाला ओतताना दोन्ही हात.

जॉल्ला प्रांतात मोठं हानजॉन्गशिक, म्हणजे लेकीचं ते वाट्यावाट्यांचं जेवण, मागवलंत तर ताटात होंगओ येऊ शकतो, आंबवलेला पाकट मासा. अमोनियाचा असा भपका येतो की नाकातून पाणी. ओवीताई, तुम्ही मासे खाता म्हणून आधीच सांगतोय. मी कोकणातला, सुकटीवर वाढलेलो, मला तिसऱ्यांदा आवडला. सासूबाईंच्या शेजारी नको.

आणि बाजारातल्या टपऱ्यांवर दरपत्रक बघूनच बसा. मला एका गजबजलेल्या बाजारात न मागितलेली 'मिक्स' थाळी लावून वर जास्त पैसे घेतले. भांडायला भाषा नव्हती. आता मी मेनूवर बोट ठेवतो, आकडा दाखवतो, मग बसतो.

---

ओवी_पुणे

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! सासूबाईंना हिंगाचं वाचून दाखवलं. "म्हणजे त्यांचं आपल्याहून कडक आहे" एवढंच म्हणाल्या, पण बालवू गोंगयांगचं आरक्षण कर असं दोनदा बजावून गेल्या. वांगं सोडतात, बरं झालं विचारलंत.

आता दोन शंका. जॉन्जूला लेकीचं ते वाट्यावाट्यांचं जेवण घ्यायचं तर चौघांत एक शाकाहारी असताना तीनचंच मागवता येतं का? आणि गुडघ्यांचं कुणीच बोललं नाही.

---

भाऊ_चांगवॉन

गुडघ्यांचं खरंच राहिलं. काळजी करू नका, बऱ्याच जुन्या ठिकाणांनी आता टेबल-खुर्च्या टाकल्यात. त्यांच्याकडेही म्हातारी माणसं आहेत आणि गुडघे आहेत. काही खोल्यांत टेबलाखाली पाय सोडायला खळगा असतो, तोही चालेल. नेव्हर मॅप या नकाशाच्या अ‍ॅपवर ठिकाण काढा, लोकांनी टाकलेले आतले फोटो असतात. बसायची व्यवस्था, मेनू, दर, सगळं त्यात दिसतं. मेनूच्या फोटोवर पापागो अ‍ॅप धरलं की भाषांतर होतं. जमिनीवरचीच जागा असेल तर भिंतीकडेची मागा, पाठ टेकता येते. थंडी सुरू झाली की खालची जमीन गरम केलेली असते, आईला तर उठावंसं वाटत नव्हतं.

तीनच्या मागणीचं: हानजॉन्गशिक माणशी असतं, माणशी वीस-तीस हजार वॉनपासून पुढे कितीही. हजार वॉनचे साठेक रुपये धरा. चौघं बसून तिघांचं मागवणं अशा जेवणात त्यांना पटत नाही, कारण वाट्या सगळ्यांच्या मध्ये असतात आणि चौथा माणूस त्यातलंच खाणार. त्यात त्यांचं चूक नाही. लहान मुलाला सूट देतात, सासूबाईंना नाही. त्यापेक्षा असं करा. हे जेवण तुम्ही तिघं दुपारी घ्या. दुपारचा सेट बऱ्याच ठिकाणी रात्रीपेक्षा स्वस्त असतो. सासूबाईंना त्याआधी पेजेच्या दुकानात बसवा, मग चौघं मिळून हानोक गावातून, म्हणजे जुन्या कोरियन घरांच्या वस्तीतून, फिरा. फक्त अडीचच्या आत पोचा. तीन ते पाच स्वयंपाकघर बंद ठेवणारे बरेच आहेत.

लेकीला ते जुन्या थाटाचं बघायचंच असेल तर दक्षिणेला हेनाम-गांगजिनकडे काही ठिकाणी अजून रिकाम्या खोलीत बसवतात. खोलीत टेबलच नसतं. मग दोघं जण दोन टोकांना धरून पूर्ण मांडलेलं टेबल आत घेऊन येतात, एकही वाटी न हलवता. पण जॉन्जूहून ते लांब आहे, एका दिवसात ओढाताण होईल.

---

सम्यका_इचल

भाऊ, सासूबाईंना एकटीला पेजेच्या दुकानात? छे! त्याऐवजी दुसरं सुचवते. जॉन्जूहून बसने नेजांगसान जवळ आहे, पानांच्या रंगांसाठीच प्रसिद्ध, ऑक्टोबरअखेर रंग चढायला लागतात आणि साधारण नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बहर असतो. मठाच्या वाटेवर रानभाज्यांच्या खाणावळी आहेत. तिथे चौघांनाही एकाच टेबलावर बसता येईल, डोंगरही होईल. लसणाचं तेवढं आहेच. त्या दिवशी सासूबाईंनी साधा भात, भाजकं समुद्री शेवाळ आणि स्वतःचं मेतकूट असं घ्यावं. शेवाळाच्या पाकिटावर तीळतेल आणि मीठ एवढंच असलेलं बघून घ्या, चवीची पाकिटं वेगळी असतात. एकाने बाहेरचा डबा काढला आणि बाकीचे तिथलं जेवले तर मला तरी आजवर कुणी हटकलेलं नाही, फक्त आधी विचारा.

शनिवार-रविवार टाळा. अख्खा कोरिया तिथे असतो, बसला रांग, खाणावळीला रांग.

---

ओवी_पुणे

नेजांगसान ठरलं, मंगळवारी. नवऱ्याने गुकबापचं नाव फोनमध्ये सेव्ह केलंय आणि लेक 'योगियो'चा सराव घरात करतेय, पाणी हवं असलं तरी. बालवू गोंगयांगच्या फॉर्ममध्ये 'अ‍ॅलर्जी' असा रकाना आहे, त्यात वांगं लिहू की खाली वेगळं लिहू?

---

सम्यका_इचल

त्याच रकान्यात लिहा. खालचा मजकूर कुणी वाचेल याची खात्री नाही, अ‍ॅलर्जी सगळे वाचतात.